आयतालेख : वाचन आणि अर्थ

वजन, उंची, पाऊस, तापमान अशा सलग मोजता येणाऱ्या राशीची विभागणी एकमेकांना चिकटलेल्या आयतांनी दाखवणारी आकृती म्हणजे आयतालेख. आडव्या अक्षावर वर्ग म्हणजे मोजमापाचे टप्पे, उभ्या अक्षावर वारंवारता म्हणजे त्या वर्गातील नोंदींची संख्या. 'हिस्टोग्राम' हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल पिअर्सन यांनी दिले. स्तंभालेखात केळी, कापूस, ज्वारी असे सुटे प्रकार असतात, म्हणून स्तंभांमध्ये जागा सोडतात. आयतालेखात फट दिसली, तर त्या वर्गात एकही नोंद नाही असे समजावे.

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीबागेचा अंदाज 'रास' म्हणजे घडाच्या सरासरी वजनावरून सांगतात. समजा, ६० घड तोलले आणि २ किलोंचे वर्ग केले :

१०–१२ : ३
१२–१४ : ९
१४–१६ : १४
१६–१८ : ६
१८–२० : ८
२०–२२ : १३
२२–२४ : ७

नेमका १६ किलोंचा घड १६–१८ मध्ये मोजायचा. दोन्हीकडे धरला तर बेरीज ६० च्या पुढे जाते. वर्गमध्यांवरून रास सुमारे १७.५ येते. पण आकृतीत १६–१८ चा आयत शेजारच्या दोन्ही आयतांपेक्षा बुटका आहे. म्हणजे ज्या वजनाने बाग ओळखली जाते, त्या वजनाचे घड बागेत थोडेच! दोन शिखरे दिसली की माल मिसळला आहे का, हे आधी तपासावे : नवी लागवड आणि पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली बाग) एकत्र तोलली असेल, तर दोघींचे आयतालेख वेगळे काढावेत.

हेच घड ४ किलोंच्या वर्गांत १० पासून मांडले, तर वारंवारता १२, २०, २१, ७ होते आणि दोन शिखरांचे एक होते. ८ पासून मांडले तर ३, २३, १४, २० येऊन दरी पुन्हा दिसते. एवढा फरक केवळ सुरुवात बदलल्याने पडतो, म्हणून एका आकृतीवर विसंबू नये. वर्गसंख्येचा पहिला अंदाज नोंदसंख्येच्या वर्गमूळावरून घेतात. इथे ७ किंवा ८.

सर्वांत महागात पडणारी चूक असमान वर्गांत होते. शेवटचे दोन वर्ग जोडून २०–२४ केला, तर त्यात २० घड येतात. पण आयत २० उंच काढला की जड घड दुपटीने जास्त भासतात. घडांची संख्या आयताच्या क्षेत्रफळावरून कळते, उंचीवरून नव्हे. रुंदी दुप्पट, म्हणून उंची १० हवी.

एका बाजूला बुटक्या आयतांची शेपटी लांबली, तर माध्य म्हणजे सरासरी सहसा त्या बाजूला ओढला जातो. अशा वेळी मध्यक म्हणजे क्रमाने लावलेल्या नोंदींतील मधली किंमतही सांगावी. आडवा अक्ष शून्याऐवजी १० पासून सुरू केला, तर आरंभाजवळ नागमोडी खूण करतात. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच हवा, नाहीतर आयतांची क्षेत्रफळे खोटी पडतात.