कॅनूत दुसरा माणूस बसतो तेव्हा

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमधले चार निकाल शेजारी-शेजारी मांडून बघा. संथ पाण्यावरच्या १००० मीटर शर्यतीत एकट्याने कॅनू (एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) वल्हवणारा जर्मनीचा सेबास्टियान ब्रेंडल ३ मिनिटं ४७ सेकंदांत जिंकला. तेवढ्याच अंतराला दोघांच्या कॅनूला ३ मिनिटं ३३ सेकंद पुरले. दोन माणसं, दोन वल्ही, मग वेग जास्त असणारच. पण खळाळत्या पाण्यातल्या स्लालममध्ये उलटं झालं. फ्रान्सचा तोनी एस्तांगे एकटा ९७.०६ सेकंदांत खाली पोचला आणि दोघांच्या गटात सुवर्णपदक मिळवणाऱ्या ब्रिटिश जोडीला १०६.४१ सेकंद लागले. चार वर्षांनी रिओतही विजेती जोडी विजेत्या एकट्याच्या सुमारे सात सेकंद मागे होती.

गोम आहे ती वळण्यात. स्लालमच्या प्रवाहावर १८ ते २५ फाटकं टांगलेली असतात. हिरव्या फाटकांतून प्रवाहाबरोबर जायचं आणि लाल फाटकांतून प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे वेगात खाली येता येता होडी गर्रकन उलटी फिरवायची. खांबाला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड, फाटक चुकलं तर ५०. (महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धांमधलं स्लालम झालं, तो हाच खेळ.)

एखादी वस्तू फिरवायला किती जोर लागेल हे तिच्या वजनाइतकंच ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. खांद्यावर पाण्याची कावड घेऊन झटकन मागे वळून बघण्याचा प्रयत्न केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. एक साधा हिशेब करू. ७० किलोचा माणूस साडेतीन मीटर लांब, २५ किलो वजनाच्या कॅनूच्या बरोबर मध्यावर गुडघे टेकून बसला आहे. तो स्वतः अक्षावरच असल्याने फिरण्याला विरोध होतो तो मुख्यतः होडीचा, सुमारे २५ किलो-वर्गमीटर. आता साडेचार मीटर लांब, ३५ किलोच्या कॅनूत तेवढ्याच वजनाची दोन माणसं मध्यापासून प्रत्येकी १.२ मीटरवर बसवा. माणसांचाच वाटा २०० होतो, होडीचे आणखी ६०. वजन जवळपास दुप्पट झालं, पण फिरण्याला होणारा विरोध दसपट. होडीबरोबर आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात फरक इतका टोकाचा राहत नाही, पण वल्हवणाऱ्याला तो पहिल्याच वळणावर जाणवतो.

याची भरपाई काही अंशी होते, कारण ज्या टोकांना वजन आहे तिथेच वल्हीही आहेत आणि तिथून तरफ लांब मिळते. पुढच्याने पुढचं टोक आपल्याकडे ओढलं आणि मागच्याने मागचं उलट बाजूला रेटलं की जोडीची होडी चांगली वळते. फक्त ती वळायला लागते उशिरा, आणि एकदा वळू लागली की थांबतेही उशिराच. म्हणून जोडीला प्रत्येक वळणाची तयारी एकट्याच्या आधी सुरू करावी लागते. स्लालममधल्या जोड्या पूर्वी टोकांजवळ बसत, पुढे त्यांच्या जागा मध्याकडे सरकल्या, त्यामागे हेच गणित आहे.

सरळ जाण्याची गोष्ट वेगळी. एकटा एकाच बाजूला वल्हवतो, त्यामुळे प्रत्येक फटक्याला होडी दुसऱ्या बाजूला वळू बघते. ते रोखायला फटक्याच्या शेवटी पातं बाहेर वळवून पाणी किंचित ढकलतात. हा जे-स्ट्रोक. त्यात थोडी ताकद दर वेळी वाया जाते. जोडी दोन बाजूंना वल्हवते तेव्हा दोघांची ओढ बरीचशी एकमेकांना छेदते. पूर्ण मात्र नाही. पुढे जाणाऱ्या होडीचं पुढचं टोक समोरच्या पाण्याच्या दाबाने जखडलेलं असतं आणि मागचं मोकळं, त्यामुळे होडी मध्याच्या थोडं पुढे असलेल्या बिंदूभोवती फिरते. मागच्याची तरफ लांब ठरते आणि होडी हळूहळू पुढच्याच्या बाजूला वळत जाते. दिशा सांभाळायचं काम मागच्याकडे येतं ते यामुळे. पुढच्याने उगाच अपराधी वाटून घेऊ नये.

खरी परीक्षा खडकामागच्या एडीत होते. तिथलं पाणी संथ असतं, कधी उलटंही वाहतं, आणि मुख्य प्रवाह शेजारीच धावत असतो. एडीतून बाहेर पडताना पुढचं टोक प्रवाहात जातं, मागचं संथ पाण्यात राहतं आणि प्रवाह होडीला आपणच फिरवतो. त्या क्षणी होडी प्रवाहाच्या खालच्या बाजूला कलती ठेवावी लागते. नाहीतर वरून येणारं पाणी काठावर चढतं आणि होडी उलटते. एकटा हे कंबरेने, न बोलता करतो. जोडीत एकजण कलला आणि दुसरा ताठ राहिला तर कलणं अर्धवट होतं. उलट, तोल जातो तेव्हा जोडीकडे दोन्ही बाजूंना टेकायला वल्हं असतं. एकट्याची एक बाजू कायम उघडी. तिकडे वळायचं तर मुठी न बदलता वल्हं होडीवरून पलीकडे न्यावं लागतं आणि पूर्ण धड पिळवटावं लागतं.

उंच लाटांतही एकट्याचं बरं चालतं. वजन मध्यावर असल्याने पुढचं टोक लाटेवर उचललं जातं. जोडीत पुढच्याचं वजन ते लाटेत खुपसतं आणि उघड्या कॅनूत पाणी भरतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तेही होडीत इकडून तिकडे धावणारं.

रिओनंतर दोघांचं स्लालम ऑलिंपिकमधून गेलं आणि टोकियोत महिलांची एकेरी कॅनू आली. महिलांना जागा मिळाली हे योग्यच झालं, तरी सिडनी, अथेन्स आणि बीजिंग अशी सलग तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या स्लोव्हाकियाच्या होखशॉर्नर जुळ्या भावांसारखी जोडी आता त्या मंचावर दिसणार नाही, याची चुटपुट लागते.

आणि दोघांची साधी कॅनू घेऊन एकट्यानेच जायचं असेल तर? मागच्या आसनावर बसू नका. पुढचं टोक हवेत उचललं जाईल आणि वारा त्याला हवं तिकडे वळवेल. पाय पसरायला जागा हवी म्हणून पुढचं आसन टोकापासून बरंच आत, मध्याच्या जवळ बसवलेलं असतं. होडीची दिशा बदला, त्या पुढच्या आसनावर मागच्या टोकाकडे तोंड करून बसा आणि आता तेच पुढचं टोक समजा. खळाळतं पाणी असेल तर त्याहूनही मध्याकडे सरकून गुडघे टेका.