सडा, माळ आणि सायकल : सातारा परिसरातील डोंगरी सायकलिंगची पार्श्वभूमी

सातारा शहरातून यवतेश्वराचा घाट चढून वर आले की डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी उघडी जमीन लागते, तिला या भागात सडा म्हणतात. लांबून सपाट दिसणारी, पण चालू लागल्यावर हलकेच उतरत आणि पुन्हा चढत जाणारी ही जांभ्याची जमीन, तिच्या कडेच्या उतारावर माजलेली कारवी आणि त्याखाली घळीतले दाट रान, अशा तीन पट्ट्यांतून आज डोंगरी सायकली चालवल्या जातात. कास, ठोसेघर, चाळकेवाडी ही नावे या छंदात असलेल्यांना सांगावी लागत नाहीत. ज्या वाटांवरून हे सायकलस्वार जातात, त्यांतली एकही वाट सायकलीसाठी काढलेली नाही, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. या वाटांवरून सायकली जाऊ द्याव्यात की नाही, याविषयीच्या आजच्या मतभेदांचे मूळ तिथेच आहे.

खेळाच्या जन्मस्थानीही असेच घडले होते. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरणाऱ्या तरुणांनी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी वेळ मोजून घेतलेली पहिली शर्यत लावली, तीही वणवा विझवणाऱ्यांसाठी काढलेल्या जंगलरस्त्यावर. पुढे १९९० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक असा या खेळाचा प्रवास झाला.

युरोपात हा खेळ सौम्य चढउतारांच्या प्रदेशात रुजला, आणि आपल्या दृष्टीने तोच भाग अधिक जवळचा आहे. नेदरलँड्समधील फेलुव्हे, उत्तर जर्मनीतील ल्युनेबर्ग किंवा दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट येथे हेदरच्या झुडपांनी व्यापलेली वालुकामय, निकस जमीन आणि तिला लागून जंगल असे मिश्रण आढळते. ही झुडपी माळराने मुख्यतः माणसाने आणि त्याच्या जनावरांनी घडवली. शतकानुशतके मेंढ्या चरल्या आणि गोठ्यासाठी, शेतखतासाठी वरचा थर खरवडून नेला गेला, म्हणून तेथे झाडे वाढली नाहीत. चराई थांबली की बर्च आणि पाइन शिरतात, त्यामुळे ल्युनेबर्गला आजही मेंढ्यांचे कळप राखले जातात. न्यू फॉरेस्टमध्ये सायकल चालवता येते, परंतु आखून दिलेल्या खडीच्या मार्गांवरच.

आपला सडा दिसायला असाच असला तरी त्याचे कारण वेगळे आहे. जांभ्याच्या कातळावर माती कोठे बोटभर, कोठे वीतभर असते आणि मोठ्या झाडाचे मूळ तेथे धरतच नाही. पावसाळ्यात याच मातीवर सीतेची आसवे, गेंद, तेरडा असे ताटवे येतात आणि डबक्यांत वायतुरा फुलतो, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. या भिजलेल्या थरावरून टायर गेला की उमटणारी चाकोरी पुढच्या सरीत पाण्याचा पाट बनते आणि माती कातळापर्यंत धुऊन जाते. ती पुन्हा साचण्यास किती काळ लागतो, हे जांभ्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात उघड्या सड्यावर, वाट सोडून सायकल घालणे कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वाट सोडण्याची गरजही नाही, कारण वाटा मुबलक आहेत. कासवरून महाबळेश्वराकडे जाणारी जुनी वाट आजही राजमार्ग म्हणून ओळखली जाते. सड्यांवर गुरे घेऊन जाणाऱ्यांच्या, देवराईकडे जाणाऱ्यांच्या आणि बाजाराच्या दिवशी खाली उतरणाऱ्यांच्या पायवाटा पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या आहेत. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण पूर्ण होऊन शिवसागर जलाशय भरला तेव्हा खोऱ्यातल्या अनेक वाटांचे एक टोक पाण्यात गेले. वरचे टोक मात्र रानात तसेच राहिले. गेल्या शतकाच्या अखेरीस चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांची अवजड पाती वर नेण्यासाठी रुंद मुरमाचे रस्ते झाले. सायकलस्वारांना हेच रस्ते सर्वांत आधी सापडले. त्यांवर चढ बेताचा असतो, वळणे मोठी असतात आणि वाऱ्याचा जोर सोडला तर नवख्यालाही ते झेपतात.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यांत कासचा समावेश झाला. त्यानंतर गर्दी वाढली, शुल्क आले, दिवसाची पर्यटकसंख्या ठरली आणि पठाराला लोखंडी जाळीचे कुंपणही पडले. कुंपणामुळे चराई थांबली, गवत माजले आणि फुले दबली, त्याचबरोबर प्राण्यांचे येणे-जाणे अडले, असे आक्षेप स्थानिकांनी आणि अभ्यासकांनी सातत्याने घेतले आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. जाळीमुळे गाडीवाटा मध्येच तुटल्या, ही तक्रार या चर्चेत जवळजवळ ऐकूच आली नाही.

खरा गुंता ‘वाहन’ या एका शब्दात आहे आणि तो सविस्तर मांडणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाहनाची व्याख्या अतिशय व्यापक आहे. जमिनीवरून, पाण्यातून किंवा हवेतून जाण्यासाठी वापरले जाणारे कोणतेही साधन म्हणजे वाहन, आणि त्यात म्हैस, बैल, उंट, गाढव, हत्ती, घोडा आणि खेचर हेही येतात. जेथे बैल वाहन ठरतो तेथे सायकल वाहन नाही असे म्हणता येणार नाही. उलट, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने पायडलवर चालणारी सायकल मोटार वाहन नाही. त्यामुळे घाटातल्या रस्त्यावर जी सायकल जवळजवळ पादचाऱ्यासारखी मोकळी आहे, तीच अभयारण्याच्या हद्दीत शिरताच वाहन होते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यानंतर हा प्रश्न पाटण, जावळीपासून सांगली जिल्ह्यातील शिराळ्यापर्यंत पसरला.

अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घालणाऱ्या कलमात सार्वजनिक मार्गाने जाणाऱ्या व्यक्तीला सूट आहे. मग बुडालेल्या किंवा उठवलेल्या गावाकडे जाणारी जुनी वाट सार्वजनिक मार्ग आहे काय? कासचे पठार तर अभयारण्य नसून राखीव वन आहे. तेथे १९२७ चा वन कायदा लागू होतो, ज्यात अपप्रवेश आणि गुरे चारणे हे दोन्ही एकाच पोटकलमात मांडलेले आहेत. गुराखी आणि सायकलस्वार कायद्याच्या एका ओळीत बसतात, हे दोघांनाही सहसा माहीत नसते.

वनहद्दीबाहेर महसुली दप्तर वेगळेच बोलते. गावनकाशावर दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. पहिल्याची रुंदी साडेसोळा ते २१ फूट, दुसऱ्याची सव्वाआठ फूट धरली जाते. सायकल यांतल्या कोणत्या रेषेवर चालावी, हे नकाशा सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना घोडेवाटांवर जाण्याचा हक्क दिला, मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट देण्याची अट घातली. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने संरक्षित रानांत यांत्रिक वाहतुकीला मनाई केली आणि १९८४ मध्ये नियम बदलून त्या शब्दात सायकलही बसवण्यात आली. या दोहोंपैकी पहिला मार्ग आपल्याकडे अधिक रुळण्याजोगा आहे, कारण आपल्या वाटांवर गुरे, शेतकरी आणि शाळेची मुले रोज असतात आणि त्यांना आधी जाऊ देणे ही अट कोणालाही समजते.

जिल्ह्याच्या पूर्वेला माण, खटाव आणि पुढे सांगलीतील आटपाडी, जत येथे सडा नाही, माळ आहे. तेथे धनगरांच्या मेंढ्यांनी पाडलेल्या वाटा सायकलीला सड्यापेक्षा चांगल्या आहेत, जमीन कोरडी आहे आणि हिवाळ्यात बाभळीच्या काट्यांखेरीज फारसा अडथळा नसतो. मात्र पाणी अडवण्यासाठी डोंगरउतारांवर खणलेल्या सलग समतल चरांनी यांतल्या अनेक वाटा आडव्या कापल्या आहेत. दुष्काळी गावांना त्या चरांचे मोल किती आहे हे पाहता त्याविरुद्ध बोलणे अनुचित ठरेल, त्यामुळे स्वार खाली उतरतो आणि सायकल खांद्यावर घेऊन चर ओलांडतो. माळावरील गवत हटवून ग्लिरिसिडियाची झाडे लावण्याबद्दल मात्र तीव्र आक्षेप आहे, कारण माळ हा झाडांवाचून रिकामा पडलेला भाग नसून लांडग्याचा आणि मेंढपाळाचा पूर्वापार मुलूख आहे.

आता विजेवरच्या सायकलींमुळे जुना गुंता पुन्हा वर आला आहे. मोटारची ताकद २५० वॉट आणि वेग ताशी २५ किलोमीटर या मर्यादेतील सायकल मोटार वाहन मानली जात नाही, परंतु तिच्या साहाय्याने घाट चढून सड्यावर पोहोचणे पूर्वीइतके कष्टाचे राहत नाही. यवतेश्वराचा चढच ज्यांना आजवर खाली थोपवून ठेवत होता, असे अनेक जण आता वर येतील. अशा सायकलींना जुन्या गाडीवाटा खुल्या ठेवायच्या की नाही, हे ठरवताना मोटारच्या वॉटपेक्षा ती वाट मुरमाची आहे की बोटभर मातीची, आणि महिना कोणता आहे, याची नोंद अधिक उपयोगी पडेल.