छत्रीधारी सैनिक आणि बेळगावचा सीमाभाग

छत्रीधारी सैनिक म्हणजे विमानातून हवाई छत्रीने शत्रूच्या पिछाडीला उतरणारे पायदळ. भारतीय लष्करात हे काम पॅराशूट रेजिमेंटकडे आहे आणि तिच्यातल्याच काही पलटणी ‘स्पेशल फोर्सेस’ म्हणून ओळखल्या जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी मुलखाचा या फौजेशी दोन वाटांनी संबंध येतो. एक वाट मराठा लाइट इन्फंट्रीची, दुसरी बेळगावच्या कमांडो शाळेची. गावच्या पारावर या दोन्ही वाटा एकच समजल्या जातात. त्या एक नाहीत, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा छत्रीची उडीही तिथेच शिकवत असतील, असा एक समज हमखास आढळतो. सांबऱ्यात हवाई दलाच्या नव्या भरतीचे शिक्षण होते. उडी शिकायला जावे लागते आग्र्याला. तिथे पाच उड्या पुऱ्या झाल्या, त्यांतली एक रात्रीची, की उडीचा बिल्ला मिळतो. पॅराशूट रेजिमेंटचे केंद्र १९९२ पासून बंगळुरूत आहे. बेळगावच्या कॅम्पात १९२२ पासून आहे ते मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. इथे रंगरूट घडतो, कसम परेड करतो आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा घेऊन पलटणीत जातो.

भारतातल्या छत्रीधारी फौजेची सुरुवात ऑक्टोबर १९४१ मध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने झाली. पहिल्या उड्या कराचीला झाल्या. लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे उडी मारणारे पहिले भारतीय. रंगराज पेशाने डॉक्टर होते. पुढे कोरियाच्या युद्धात ६० पॅरा फील्ड अँब्युलन्सचे नेतृत्व त्यांनीच केले. मराठ्यांची या ब्रिगेडशी युद्धात गाठ पडली ती मार्च १९४४ मध्ये, मणिपूरमधल्या सांगशाकच्या टेकडीवर. तेव्हाची ४/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन, ही पलटण ब्रिगेडबरोबर जपानी वेढ्यात सापडली. जमीन इतकी खडकाळ की धड खंदक खणता येईना, पाण्याचा तुटवडा, आणि विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडायची. छत्रीधाऱ्यांची ही पहिली मोठी लढाई, पण तीत एकाही सैनिकाने उडी मारली नाही.

खरा धागा मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचा. ही पलटण १७९७ मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात ती एरिट्रियातल्या केरनला लढली आणि नंतर इटलीत. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर चालून जाणारे आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. महायुद्ध संपल्यावर तिच्यावर छत्रीधारी पलटणीची जबाबदारी आली. १९४८ मध्ये काश्मीरच्या नौशेरा-झांगड भागात ती ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या हाताखाली ५० पॅरा ब्रिगेडमध्ये होती. १९५२ मध्ये पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या रेजिमेंटांची एकेक बटालियन घेऊन पॅराशूट रेजिमेंट बांधली गेली, तेव्हा मराठ्यांची तिसरी बटालियन ‘२ पॅरा’ झाली. नावातल्या कंसात मात्र ‘मराठा’ राहिले, आणि फौजी माणूस असल्या कंसाला फार जपतो.

या पलटणीची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे ११ डिसेंबर १९७१ ची, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) टांगाइलची उडी. जमालपूर आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ९३ व्या ब्रिगेडची वाट अडवायची, तर लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल हाती हवा होता. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७०० जवान दिवस कलताना उतरले. डाकोटा, पॅकेट, एएन-१२, कॅरिबू अशी मिळतील ती विमाने कामाला लावली होती. काही जण ठरल्या जागेपासून लांब पडले, काही सामान तळ्यांत गेले. ते बाहेर काढायला आजूबाजूच्या गावांतली बंगाली माणसे धावली. पूल त्याच रात्री ताब्यात आला. बातम्यांत मात्र ७०० चे ५,००० झाले, आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्या फुगलेल्या आकड्याचा परिणाम झाला, असे बरेच अभ्यासक मानतात.

दुसऱ्या दिवशी जमिनीवरून येऊन या छत्रीधाऱ्यांना मिळालेली पलटण होती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. ती लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली जमालपूरची लढाई मारून आली होती. याच जमालपुरात ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी ‘शरण या’ असे पत्र धाडले, तेव्हा पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदाबरोबर बंदुकीची गोळी पाठवली होती. आकाशातून आलेले आणि रस्त्याने आलेले, दोघेही मुळात एकाच रेजिमेंटचे. पुंगलीच्या पुलाजवळची ती भेट पलटणीच्या इतिहासात आहेच, पण या मुलखातल्या जुन्या पेन्शनर सुभेदारांच्या तोंडून ती जास्त रंगून ऐकायला मिळते. २ पॅराचे जवान १६ डिसेंबरला ढाक्यात शिरले. पन्नू यांना महावीरचक्र मिळाले.

स्पेशल फोर्सेसची पाळेमुळे १९६५ च्या युद्धातल्या ‘मेघदूत फोर्स’मध्ये आहेत. मेजर मेघ सिंग यांनी स्वयंसेवक जमवून उभारलेल्या या तुकडीतून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो आणि वर्षभराने १० पॅरा कमांडो तयार झाली. २ पॅराही कालांतराने स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. मराठ्यांची आणखी एक पलटण याच वाटेने गेली. १९८५ मध्ये उभी राहिलेली २१ मराठा १९९६ मध्ये ‘२१ पॅरा (स्पेशल फोर्सेस)’ झाली, आणि वाघनखे हीच तिची ओळख ठरली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आलेले, सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक मूळचे याच पलटणीचे. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. छत्रीधारी झालेल्या या पलटणी आता मराठा लाइट इन्फंट्रीच्या राहिलेल्या नाहीत. पॅराशूट रेजिमेंट देशभरातून आणि स्वेच्छेने आलेल्यांतूनच माणसे घेते, काही महिने पारखते आणि बहुतेकांना परत पाठवते.

आता कमांडो शाळा. महूच्या इन्फंट्री स्कूलचा ‘ज्युनियर लीडर्स विंग’ हा विभाग बेळगावला आहे. पायदळातल्या तरुण अधिकाऱ्यांना आणि हवालदार, नायकांना इथे कमांडो कोर्स करावा लागतो. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी धाव, दोराने कडा उतरणे, नदी ओलांडणे, स्फोटके, रात्रीची दिशाशोधन कवायत, नि:शस्त्र झुंज असा हा सगळा रगडा. खानापूरच्या अंगाने सह्याद्रीचे जंगल, वर जोराचा पावसाळा. बूट आठवडाभर वाळत नाहीत आणि कोर्सवाल्याला त्याच ओल्या बुटांत पहाटे पुन्हा उभे राहावे लागते. शाळेसाठी याहून बरी जागा दक्षिणेत शोधून सापडणार नाही. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ‘घातक’ नावाची निवडक प्लाटून असते. तिच्या शिक्षणाचीही ही जागा. कारगिल युद्धाच्या थोडे आधी कॅप्टन विक्रम बत्रा यांनी इथलाच कोर्स केला आणि सर्वोच्च, म्हणजे प्रशिक्षक होण्याच्या लायकीची श्रेणी मिळवली.

हा कोर्स पार केलेला जवान आपल्याच पलटणीत परततो. त्याच्या डोक्यावर छत्रीधाऱ्यांची मरून (काळपट लाल) रंगाची ‘बेरे’ टोपी येत नाही, छातीवर ‘बलिदान’ बिल्लाही नाही. ते दोन्ही पॅराशूट रेजिमेंटमधून कमवावे लागतात आणि बलिदान बिल्ला फक्त स्पेशल फोर्सेसवाल्यांना मिळतो. बत्रांचेच पाहा: ते शेवटपर्यंत १३ जम्मू अँड काश्मीर रायफल्सचे अधिकारी होते. भरतीच्या तयारीला लागलेल्या सीमाभागातल्या पोरांनी हा फरक आधी ध्यानात घेतलेला बरा, कारण बेळगावात कोर्स केला म्हणजे आपण ‘पॅरा’ झालो, अशी समजूत त्यांच्यात अजून टिकून आहे.

अलीकडे बेळगावचे नाव परदेशी सैन्यांबरोबरच्या सरावांतही येते. डिसेंबर २०१७ मध्ये मालदीवच्या सैनिकांबरोबरचा ‘एकुवेरिन’ सराव इथे झाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्याच मालदीवमधले बंड मोडायला ५० पॅरा ब्रिगेडच्या ६ पॅराचे जवान विमानाने उतरले होते. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये जपानी तुकडी ‘धर्म गार्डियन’ सरावासाठी आली. तिच्याबरोबर उतरली ती १५ मराठा.