धावपट्टी अतिक्रमण

विमानांच्या उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी राखलेल्या क्षेत्रात एखादे विमान, वाहन किंवा माणूस नको तेव्हा येणे, याला धावपट्टी अतिक्रमण म्हणतात. वैमानिकांच्या तोंडी मात्र ‘रनवे इन्कर्शन’ हाच शब्द असतो. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची (इकाओ) आहे. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने ती २००७ मध्ये स्वीकारली आणि त्यानंतर तिथे रिकामी धावपट्टी परवानगीशिवाय ओलांडणेही मोजले जाऊ लागले. टक्कर सोडाच, दुसरे विमान आसपास असण्याचीही गरज नाही.

चूक हवाई वाहतूक नियंत्रकाची असू शकते, वैमानिकाची असू शकते, किंवा वाहनचालकाची अथवा पायी फिरणाऱ्याची. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात एअर इंडियाच्या एअरबसला धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसल्याने वेळेआधीच नाक उचलावे लागले होते. तो तिसरा प्रकार. अमेरिकेत मात्र सर्वाधिक नोंदी वैमानिकांच्या चुकीच्या असतात, आणि त्यांतही मोठा वाटा लहान विमाने चालवणाऱ्यांचा, म्हणजे बहुधा खासगी वैमानिकांचा असतो.

टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, धावपट्टीच्या अलीकडे चार आडव्या पिवळ्या रेघा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा आधी आल्या तर थांबायचे. तुटक आधी आल्या तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडतो आहोत, तेव्हा चारही रेघा ओलांडून पूर्ण बाहेर यायचे. शेजारी लाल फलकावर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. मोठ्या विमानतळांवर या रेघा धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ९० मीटर किंवा त्याहूनही लांब असतात, आणि नवशिक्या फसतो तो इथेच. धावपट्टी अजून दूर दिसते, म्हणून तो जरा पुढे सरकून बघतो. नाक रेघांपलीकडे गेले की अतिक्रमण झाले.

ही चूक अज्ञानातून क्वचितच होते. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, त्याचा वेग सायकलीइतका असतो, त्यामुळे तो भाग उड्डाणात धरलाच जात नाही. मान मांडीवरच्या चेकलिस्टमध्ये, एक हात रेडिओच्या बटणावर, शेजारी बसलेल्या मित्राशी गप्पा चालू. प्रवासी विमानात दुसरा वैमानिक बाहेर बघत असतो. लहान विमानात ऐकणारा, वाचणारा आणि चालवणारा एकच. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात तर वर उचललेल्या नाकामुळे समोरचे दिसतच नाही, नागमोडी जावे लागते. नियंत्रकाची सूचना परत म्हणून दाखवायची असते, पण तोंडाने ‘होल्ड शॉर्ट’ (धावपट्टीच्या अलीकडे थांबतो) म्हणायचे आणि पाय ब्रेकवर न्यायचाच नाही, असेही होते. अभिनेते हॅरिसन फोर्ड यांनी २४ एप्रिल २०२० रोजी कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न विमानतळावर थांबण्याची सूचना चुकीची ऐकून धावपट्टी ओलांडली. तेव्हा तिथे दुसरे विमान सराव करत होते. फोर्ड यांना दंड झाला नाही. उजळणीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागला.

या प्रकारातली एक अत्यंत विदारक घटना ८ ऑक्टोबर २००१ ची, इटलीतील मिलानच्या लिनाते विमानतळावरची. सकाळी दाट धुके होते. एका लहान सेस्ना जेटला आर-५ या टॅक्सीवेने उत्तरेकडे जायला सांगितले गेले. वैमानिकाने ‘आर-५’ बरोबर परत म्हटले, पण विमान वळले आर-६ वर, आणि आर-६ मुख्य धावपट्टी ओलांडतो. वाटेत त्याने ‘एस-४’ ही खूण दिसल्याचे कळवले. ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हती. त्याने पुढे जायला सांगितले. जमिनीवरचे जुने रडार काढलेले, नवे सुरू व्हायचे होते. सेस्ना धावपट्टीवर आले तेव्हा एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीचे एमडी-८७ प्रवासी विमान उड्डाणाच्या वेगात होते. दोन्ही विमानांतील ११४ आणि जमिनीवरचे ४, असे ११८ जण गेले. रस्ता वैमानिकाचा चुकला हे खरे, पण त्याने स्वतःहून सांगितलेली जागा कुणालाच ओळखता आली नाही, हे मला अधिक गंभीर वाटते.

अमेरिकेत २०१० पर्यंत ‘अमुक धावपट्टीकडे टॅक्सी करा’ या एका वाक्यात वाटेतल्या इतर धावपट्ट्या ओलांडण्याची परवानगी गृहीत असे. त्या वर्षीच्या जूनअखेरपासून प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळी परवानगी लागते. गोंधळाच्या जागा आता विमानतळाच्या नकाशावर ‘हॉट स्पॉट’ म्हणून वर्तुळाने दाखवतात. जाणते प्रशिक्षक चेकलिस्ट विमान थांबवूनच वाचायला लावतात, आणि वाट चुकल्याची शंका आली तर धावपट्टीबाहेरच उभे राहून नियंत्रण मनोऱ्याला विचारायला शिकवतात.

मनोराच नसेल तर विचारायचे कुणाला? १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉयमधील क्विन्सी येथे उतरणाऱ्या बीच १९०० या लहान प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, छेदणाऱ्या धावपट्टीच्या टोकाचे विमान थांबणार आहे ना? उत्तर दिले त्याच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी या छोट्या विमानाच्या वैमानिकाने; वाक्याचा काही भाग कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या आवाजात बुडाला. बीचवाल्यांना वाटले, टोकाशी उभे असलेले किंग एअर विमानच बोलले. किंग एअरकडून मात्र काहीच उत्तर आले नव्हते. ते धावत सुटले. १४ जण दगावले. बीचमधले लोक टक्करीतून वाचले होते. दार उघडले नाही आणि धुराने त्यांचा जीव गेला. अशा विमानतळांवर वैमानिक प्रत्येक संदेशाच्या आरंभी आणि शेवटी विमानतळाचे नाव घेतात, आणि रेघ ओलांडण्याआधी विमान थोडे वळवून धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडचे आकाश डोळ्यांनी तपासतात.