नवसागर, मोरचूद आणि थर्मोकोलचा कप

कल्हईवाल्याचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापल्या भांड्यावर पडला की पांढरा धूर निघतो. तोच पाण्यात टाकला तर पाणी गार पडतं. ठाण्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी कल्हई क्वचितच पाहिलेली असते. त्यांची नवसागराशी ओळख होते ती प्रयोगशाळेत. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम टाकला की पारा साधारण ३ अंश उतरतो.

हा गारवा वापरात होता, मोजमाप फार नंतर आलं. अकबराच्या दरबारी पिण्याचं पाणी सोऱ्याने थंड करत, हे अबुल फजलने ‘आईने अकबरी’त लिहून ठेवलंय. बंदुकीच्या दारूतला तोच सोरा! पण नेमकी किती उष्णता शोषली गेली, हा प्रश्न विचारायला आधी उष्णता आणि तापमान वेगळं करावं लागलं. ते १७६० च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने केलं. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेलं भांडं केलं. आतल्या उष्णतेने बर्फ वितळायचा आणि ते पाणी तोलायचं. नवसागरासारख्या गार पडणाऱ्या क्षारापुढे ही युक्ती लंगडी, कारण तिथे बर्फ वितळणारच नाही.

खरी कलाटणी १८४० ची. सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेसने दाखवलं की वाट कुठलीही धरा, उष्णतेची बेरीज तीच येते. पांढऱ्या, निर्जल मोरचुदात (कॉपर सल्फेटात) पाणी शिरून तो निळा होताना किती उष्णता सुटते, हे थेट मोजणं अवघड. मग दोन्ही वेगवेगळे पाण्यात विरघळवायचे. पांढरा दर मोलमागे (मोल म्हणजे रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं एकक) सुमारे ६६ किलोज्यूल सोडतो, निळा सुमारे १२ घेतो. म्हणजे उत्तर ७८. मला हा प्रयोग सगळ्यात देखणा वाटतो.

त्यानंतर कोपनहेगनचा थॉमसन आणि पॅरिसचा बर्थलो यांनी हजारो आकडे जमवले आणि नियमही मांडला: आपोआप घडणारी क्रिया उष्णता सोडणारीच असते. नवसागर आणि सोरा तो नियम मुकाट्याने खोटा पाडत होते. विरघळणं ही रासायनिक क्रियाच नव्हे, अशी पळवाटही निघाली. १८७६-७८ मध्ये गिब्ज आणि १८८२ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी उष्णतेच्या जोडीला एन्ट्रॉपीही, म्हणजे कण आणि ऊर्जा किती विखुरली याचं मापही, हिशेबात धरली, तेव्हा गाठ सुटली.

साधनं मात्र अगदी साधी राहिली. पूर्वी तांब्याचं भांडं, भोवती कापूस. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत २७ अंशांचं पाणी २४ वर आलं की उघड्या तांब्याला बाहेरून दव धरतं, आणि ते दव स्वतःची उष्णता भांड्याला देऊन आकडा बिघडवतं. म्हणून थर्मोकोलचा कप बरा. २०१८ च्या राज्यव्यापी बंदीनंतर तोही सहज मिळत नाही. खाडीकाठच्या मिठागरातलं मीठ इथे कामाचं नाही: १० ग्रॅम टाकलं तरी पारा जेमतेम दीड अंश हलतो.