होंडुरास : प्रत्यार्पणाचा कायदा आणि तो आणणारा नेता

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी राजधानी तेगुसिगाल्पातल्या एका घरातून हुआन ओर्लांडो हर्नांडेझ यांना पोलिसांनी हातापायांत बेड्या घालून बाहेर आणले. कोकेन तस्करीच्या आरोपावरून ते अमेरिकेला हवे होते. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ते मध्य अमेरिकेतल्या होंडुरासचे अध्यक्ष होते.

गोष्टीची मुळे जुनी आहेत. कोलंबियातले कोकेन उत्तरेकडे न्यायचे तर होंडुरास वाटेतच लागतो. १९८०च्या दशकात हुआन माता बायेस्तेरोस या तस्कराने ही वाट रुळवली. गंमत अशी की, त्याच्याच सेत्को या विमान कंपनीला निकाराग्वातल्या काँत्रा बंडखोरांना रसद पोचवण्याचे काम अमेरिकेने दिले होते. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेनेच त्याला उचलून नेले, तेव्हा संतप्त जमावाने राजधानीतल्या अमेरिकी दूतावासाची एक जोडइमारत जाळली. कारण आपला नागरिक परक्या देशाच्या हवाली करायला, म्हणजे प्रत्यार्पणाला, होंडुरासच्या राज्यघटनेत मनाई होती.

ही मनाई उठली २०१२ मध्ये. त्या वेळी संसदेचे अध्यक्ष होते हर्नांडेझ! २०१४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि एकेक तस्कर अमेरिकेला पाठवू लागले. वॉशिंग्टन खूश होते. पण तिकडे गेलेले तस्कर शिक्षा कमी व्हावी म्हणून तोंड उघडू लागले. ‘काचिरोस’ टोळीच्या म्होरक्याने तर अध्यक्षांचे खासदार भाऊ टोनी यांच्याशी झालेले बोलणेच चोरून टिपून ठेवले होते. टोनी यांच्या कोकेनच्या काही मालावर ‘टीएच’ ही त्यांची आद्याक्षरे होती, असे अमेरिकी सरकारी वकिलांनी सांगितले. इतका निर्धास्तपणा वरदहस्ताशिवाय येत नाही. २०१३ च्या निवडणुकीसाठी मेक्सिकोतला बडा तस्कर ‘एल चापो’ने दहा लाख डॉलर दिल्याची साक्षही झाली. २०२१ मध्ये टोनी यांना जन्मठेप झाली.

हर्नांडेझ सारे नाकारत राहिले. आपण पकडून दिलेले गुन्हेगार सूड उगवत आहेत, हा त्यांचा बचाव. साक्षीदार खुनी होते हे खरेच. पण ज्यूरीला तो बचाव पटला नाही. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात ते दोषी ठरले, जूनमध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, होंडुरासच्या निवडणुकीला दोन दिवस उरले असताना, डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना माफी जाहीर केली. १ डिसेंबरला ते सुटले. भावाची जन्मठेप त्या माफीत नव्हती.