किलिमांजारो आणि माउंट केनिया: पायी कुठवर जाता येते?

आफ्रिकेतील सर्वांत उंच दोन पर्वतांची नावे मराठी ट्रेकर मंडळींच्या बोलण्यात हल्ली जोडीने येतात आणि त्यांच्याविषयीचा गोंधळही ठरलेला असतो: किलिमांजारो ५८९५ मीटर, माउंट केनिया ५१९९ मीटर, म्हणून माउंट केनिया सोपा, म्हणून सरावासाठी तो आधी उरकून घ्यावा. यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र त्यांवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

किलिमांजारोची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. मारांगु, माचामे किंवा लेमोशो वाटेने चढायचे, शेवटच्या तळावरून मध्यरात्री निघून पहाटेपर्यंत विवराच्या काठावर पोहोचायचे आणि काठाकाठाने उहुरू हे सर्वोच्च शिखर गाठायचे. कस लागतो तो विरळ हवेत. दोराची गरज पडत नाही. पाच दिवसांत शिखर दाखवण्याचा वायदा करणाऱ्या सहलींना मात्र साफ नकार द्यावा, कारण शरीराला उंचीची सवय व्हायला लागणारा वेळ दमसास कितीही चांगला असला तरी वाचवता येत नाही.

माउंट केनियाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या माथ्यावर बातियान (५१९९ मीटर), नेलिऑन (५१८८ मीटर) आणि लेनाना (४९८५ मीटर) ही तीन मुख्य शिखरे आहेत आणि चालत जाणाऱ्याला त्यांपैकी फक्त लेनाना गाठता येते. बातियान आणि लेनाना यांच्या उंचीत अवघ्या २१४ मीटरचा फरक आहे, पण बातियानवर जाण्यासाठी दोर, हार्नेस (दोर अडकवण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा), खडकातील आधार लावण्याचे कौशल्य आणि दिवसभर उभ्या कातळावर राहण्याची तयारी लागते. रायगड आरामात चढणारा माणूस लिंगाण्यावरही तसाच जाईल असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. केनियाच्या बाबतीत मात्र हाच घोटाळा बिनदिक्कत केला जातो.

हा फरक पर्वतांच्या घडणीतूनच आलेला आहे. दोन्ही पर्वत ज्वालामुखीतून घडले, पण किलिमांजारोचा किबो हा शंकू तुलनेने तरुण असल्यामुळे त्याचे विवर अजून शाबूत आहे आणि त्याच्या राखेच्या व मुरमाच्या उतारांवरून पायी वर जाता येते. माउंट केनिया लाखो वर्षांपूर्वीच निवाला. हिमनद्यांनी त्याचा वरचा शंकू खरवडून नेला आणि ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या कठीण खडकाचा गाभा तेवढा उघडा राहिला. बातियान आणि नेलिऑन हे त्या गाभ्याचेच सुळके आहेत, तर लेनाना त्याच्या बाजूला आहे. किलिमांजारोवरही मावेंझी नावाचे कातळी आणि चढाईला अवघड शिखर आहे. ते तिथले सर्वोच्च नाही, हे ट्रेकरांचे नशीब.

इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ हॅल्फर्ड मॅकिंडर १८९९ मध्ये आल्प्समधील दोन वाटाड्यांसह बातियानवर पोहोचले आणि त्यानंतर तिथे दुसरे कोणी पोहोचायला १९२९ साल उजाडले. १९४३ मध्ये पर्वताजवळच्या नान्युकी गावातील छावणीतून निसटलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी हाती बनवलेल्या साधनांनी बातियानचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्यांनी लेनानावर आपला झेंडा रोवला आणि ते पुन्हा छावणीत परतले. म्हणून लेनानाला जाऊन आल्यावर फोटोखाली '५१९९ मीटर' लिहिणे हा निव्वळ खोटेपणा आहे. लेनानाला जाण्यात कमीपणा मुळीच नाही, पण आकडा ४९८५ लिहावा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. मार्च ते मे आणि नोव्हेंबरच्या आसपास दोन्हीकडे पाऊस असतो, आणि विषुववृत्त जवळ म्हणून थंडी कमी असेल असे समजणाऱ्याला ४२०० मीटरवरची पहिलीच रात्र पुरेशी होते.

निवड माझ्यावर सोपवली तर मी माउंट केनियावर सिरिमॉन वाटेने चढून चोगोरिया वाटेने उतरेन. किलिमांजारोच्या गर्दीपेक्षा ही भटकंती मला कितीतरी सरस वाटते. फक्त इथे तीन दिवसांत माथा गाठण्याची घाई फार होते, तेव्हा ४२०० मीटरच्या शिप्टन तळावर एक जादा रात्र काढावी. बातियानच हवे असेल तर आधी सह्याद्रीच्या कड्यांवर दोराचे काम पक्के करावे आणि मग हंगाम निवडावा. पर्वत विषुववृत्तालगत असल्याने सूर्य वर्षातून एकदा उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे झुकतो. त्यामुळे नेहमीच्या उत्तरेकडील वाटेचा कातळ जुलै ते सप्टेंबरमध्ये कोरडा मिळतो, तर दक्षिणेकडून चढायचे असल्यास जानेवारी-फेब्रुवारी बरा.